रुखवतातली हत्यारे

"अहो, आधी सगळे नट हातानं नुसते लावून घ्या की. आवळायचं मागनं."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून हे म्हणाली तेव्हा दादा परसातल्या फरशीवर माझ्या नव्या स्कूटरखाली निम्मा शिरलेला होता. त्याच्या एका हातात पक्कड होती आणि दुसऱ्या हातात जबडा लहानमोठा करता येणारा एक जुना पाना. आमच्या घरात हत्यारे म्हणून एवढीच होती. कापडदुकानदाराच्या घरात त्याहून जास्त कधी लागलीही नव्हती.

"तुझ्या भाकऱ्या करपतील," दादा खालूनच म्हणाला.

"भाकऱ्या झाल्या. एकेक नट गच्च करत गेलात तर सांगाडा तिरका बसंल."

तुळशीपाशी तांदूळ निवडत बसलेल्या आईने मान वर केली आणि वहिनीकडे पाहिले. वहिनी क्षणभर उंबऱ्यावर घुटमळली आणि आत गेली.

मी ओसरीवरच्या खुर्चीत, डाव्या पायाला आधार देणारा लोखंडी कॅलिपर समोर ताठ ठेवून, हे सारे पाहत होते. लहानपणी आलेल्या तापात तो पाय गेला. काठी आणि कॅलिपर यांच्या आधाराने मी कराडात सगळीकडे हिंडले, ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली, आणि शेवटी मळेवाडीच्या नव्या कॉलेजात सहायक ग्रंथपाल म्हणून माझी निवड झाली. अडचण एकच होती. एसटी मळेवाडीच्या फाट्यावर सोडून पुढे निघून जाई, आणि फाट्यापासून कॉलेजपर्यंत चढाचा रस्ता होता. तो मला पायी चढता येण्याजोगा नव्हता. म्हणून दादाने बिनगिअरची स्कूटर घेतली आणि पुण्याच्या एका दुकानातून तिला मागे जोडायच्या दोन आधारचाकांचा संच मागवला: एक लोखंडी सांगाडा, दोन बाहू, स्प्रिंगा, चाके आणि नटबोल्टांची पिशवी.

नानांनी, म्हणजे वडिलांनी, त्याला परवानगी दिली होती. पण अट घालून.

"शनिवारी संध्याकाळी गल्लीतून चालवून दाखव," ते म्हणाले होते. "मला पटलं तर सोमवारी हजर हो. नाही पटलं तर मी स्वतः जाऊन प्राचार्यांना नाही म्हणून सांगून येईन. मग त्यावर रडारड नको, वैजू."

प्राचार्यांनी जागा सोमवारपर्यंतच राखून ठेवली होती. तेव्हा मी माझ्या वयाच्या सगळ्या मैत्रिणींच्या मुलांची बारशी जेवून आलेली होते, आणि असे दुसरे बोलावणे येण्याची शक्यता किती, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होते. कुणी ते बोलून दाखवत नव्हते, एवढेच.

शनिवारी संध्याकाळी मी स्कूटरवर बसले. गल्लीच्या तोंडापर्यंत सगळे ठीक होते. वळताना मात्र डावीकडून किरकिरल्यासारखा आवाज आला, डावे चाक मागे सरकले, आणि स्कूटर, मी व काठी अशा तिघी पिठाच्या गिरणीपुढे आडव्या झालो. गिरणीतल्या बायका धावत आल्या. कोपर सोलवटले होते. बाकी काही नव्हते.

नाना ओट्यावरून खाली उतरले नाहीत. दादाने मला उभे केले, तेव्हा ते उठून आत गेले. रात्री जेवताना ते एवढेच म्हणाले, "सोमवारी मला सकाळचा डबा हवा. मळेवाडीला जाऊन यायचंय."

वहिनीने त्यांच्या ताटात भाकरी वाढली, आणि वाढताना तिचा हात जरासा थांबल्याचे मला दिसले.

वहिनीविषयी इथे सांगायला हवे. तिचे नाव कुंदा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तिच्या वडिलांचे स्कूटरदुरुस्तीचे गॅरेज होते. आई लवकर गेल्यामुळे शाळा सुटली की ती थेट गॅरेजात जाई, तिथेच डबा खाई आणि तिथेच अभ्यास करी. दादाच्या लग्नात मांडवात तिचे रुखवत मांडले होते. साखरेचा बंगला, लोकरीचा कुत्रा, करंज्यांची रास, मण्यांची तोरणे. आणि या सगळ्यांच्या मधोमध खाकी कापडाची एक गुंडाळी उलगडून ठेवलेली. तिच्या शिवलेल्या कप्प्यांत लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने पाने लावलेले होते. शेजारी पेचकस, छोटा हातोडा, कानस, आणि सुट्या नटबोल्टांचा एक पत्र्याचा डबा.

व्याही हात जोडून आईला म्हणाले होते, "ताई, ही पोरगी म्हंजे तिचा हात हाय बघा. ह्या हत्यारांबिगर पाठवली तर तिचा हात मी ठेवून घेतल्यासारखं होईल."

आई गोंधळून हसली. तेवढ्यात यमूमावशी, आईची थोरली बहीण, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सून आणलीस का मेस्त्री आणलास ग?" रुखवताभोवती जमलेल्या साऱ्या बायका हसल्या. पुढे कित्येक दिवस, कुठल्याही हळदीकुंकवाला आई गेली की कुणी ना कुणी विचारी, "काय, सूनबाईंनी पंखा दुरुस्त केला का?"

लग्नाच्या सोळा-सतरा दिवसांनी, पाहुणे पांगल्यावर, आईने ती गुंडाळी बांधली आणि माळ्यावर टाकली. "इथं ह्याची गरज पडणार नाही," ती म्हणाली. वहिनी म्हणाली, "बरं." त्याच वर्षी तिचे वडील गेले, गॅरेज काकांनी विकले, आणि त्या गुंडाळीचा विषय आमच्या घरात पुन्हा कधी निघाला नाही.

रविवारी सकाळी वहिनी माझ्या कोपराला हळद लावत होती. लावता लावता तिने विचारले, "वन्सं, एक विचारतो. खरं सांगा."

'विचारतो' असेच ती म्हणे. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसे. आई सुरुवातीला तिला टोके, मग तिने तो नाद सोडला होता.

"विचार."

"तुम्हाला जायचंय का मळेवाडीला? का सगळी म्हणतात म्हणून?"

"जायचंय."

"पडल्यावर पण?"

"पडले तेव्हा पहिलं मनात आलं ते हेच, की आता मला पुन्हा बसू देणार नाहीत. कोपराचं मागून कळलं."

वहिनी हसली. हळदीची वाटी तिने खाली ठेवली, हात पदराला पुसले. "मग बसा हितंच," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. दार उघडेच होते, त्यामुळे पुढचे मला ऐकू आले, आणि माळा बसल्या जागेवरून दिसत होता.

"आत्याबाई, माळ्यावरची माझी गुंडाळी पाहिजे होती."

मग भांडे ठेवल्याचा, आणि मग स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"मी चढतो की," वहिनी म्हणाली. "तुमचे गुडघे..."

"राहू दे. तुला सापडायची नाही."

आई गुंडाळी घेऊन उतरली. तिने ती वहिनीच्या हातात दिली आणि लगेच पाठ फिरवून डाळ धुवायला घेतली.

वहिनीने परसात पोते अंथरले, त्यावर गुडघे टेकले आणि गुंडाळीची नाडी सोडली. कापड उलगडताच ती थांबली. एक पाना तिने कप्प्यातून उपसला, उजेडात फिरवून पाहिला, नाकाजवळ नेला. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे तिने इतका वेळ पाहिले की मला वाटले, हिला वडील आठवले असावेत. मी नजर दुसरीकडे वळवली.

"ह्यांना हाक मारा," ती म्हणाली. "सगळं खोलायचं."

दादा डोळे चोळत आला. "सगळं? कालची माझी दिवसभराची मेहनत?"

"मेहनत नाही खोलत, नट खोलतो. धरा हितं."

दादाने गाडी धरली. वहिनीने वाकून सांगाड्याचे बोल्ट एकेक तपासले. चौथ्यापाशी तिची बोटे थांबली.

"ह्याला काय झालं?"

"तो आधीपासूनच तसा होता."

"पेटीतनंच गोल आला?"

"मी पक्कड लावली होती जरा."

"जरा," वहिनी म्हणाली, आणि दादा स्वतःच हसायला लागला.

बोल्टाच्या डोक्याचे कोन पकडीने झिजून गेले होते. आता त्यावर कुठलाच पाना बसेना. वहिनीने आधी त्यावर थोडे रॉकेल सोडले. मग कानस घेऊन त्या गोल डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू घासून सपाट केल्या. घाई नव्हती. घासावे, बोटाने चाचपावे, पुन्हा घासावे. शेवटी एक लहान पाना तिने त्यावर बसवला, हातोड्याने दोनदा हलकेच ठोकला, आणि दांड्यावर तळवा टेकवून अंगाचा सगळा भार एकदाच दिला. बोल्ट कुरकुरला आणि फिरला. मी तिला भाकरी थापताना पाहिले होते, रांगोळी काढताना पाहिले होते. पण असे पूर्ण, सगळ्या अंगाने काम करताना त्या दिवशी प्रथम पाहिले. ओठ मिटलेले, पदर खोचलेला, आणि डोळ्यांत एक शांत करारीपणा. कुठला पाना हवा हे ती पाहत नव्हती. हात मागे जाई आणि नेमका तोच घेऊन येई.

नाना वर्तमानपत्र हातात धरून ओसरीवर आले. "सूनबाई, हे रविवारचं काय काढलंय?"

"मामंजी, बरं झालं आलात. दुकानातला तुमचा लोखंडी मीटर पाहिजे होता."

"कशाला?"

"दोन्हीकडचं माप एकसारखं आहे का बघायला. मला अंदाज हाय, पण अंदाजावर वन्संना बसवणार नाही."

उद्या आपण मळेवाडीला नकार कळवायला निघालो आहोत हे सुनेला ठाऊक आहे, हे त्यांनाही कळत होते. मग त्यांनी वर्तमानपत्र घडी करून माझ्या मांडीवर ठेवले आणि दुकानाची किल्ली घेऊन गेले.

वहिनीने सांगाडा पुन्हा चढवला. या वेळी सगळे नट दोन बोटांनी, नुसते आट्यांत धरतील एवढेच फिरवले. दादाने झिजवलेल्या बोल्टाच्या जागी वडिलांच्या डब्यातला एक शोधून घातला. "बघा," ती दादाला म्हणाली, "एक गच्च केला की बाकीची भोकं रुसतात. मग तुम्ही हातोडा घेता. सगळ्यांना आधी जागा द्यायची, मग थोडं थोडं समोरासमोर आवळायचं."

"हे काल सांगायचं होतंस."

"सांगत होतो. तुम्ही भाकऱ्यांचं काढलं."

नाना मीटर घेऊन आले, धोतर सावरून खाली बसले. पुढच्या चाकापासून उजव्या आधारचाकापर्यंत त्यांनी माप घेतले, मग डाव्यापर्यंत घेतले, आणि पुन्हा उजवीकडे गेले.

"डावीकडे बोटभर जास्त आहे."

"बोटभरानं काय होतंय, नाना," दादा म्हणाला.

"बोटभर कापड कमी गेलं तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही." त्यांनी चष्मा वर केला. "सूनबाई, सैल करा तो. पुढे घ्या. आणखी. थांबा. आता उजवीकडचा बघू."

पुढे बराच वेळ त्या दोघांचेच चालले होते. नाना माप सांगत, वहिनी सरकवी, नाना पुन्हा मीटर लावत. एकदा वहिनी म्हणाली, "झालं की आता," तर नाना म्हणाले, "दोराभर आहे अजून." वहिनीने निमूटपणे तो दोराही काढला. आई मध्येच चहा ठेवून गेली. तो निवला.

शेवटी वहिनीने मला हाक मारली. "वन्सं, बसा."

"झालं?"

"नाही. तुमचा भार पडू दे, मग स्प्रिंगा बसतील. त्यानंतरच पक्कं करायचं. मोकळ्या गाडीवर आवळलं तर माणूस बसल्यावर परत हलतंय."

मी बसले. दादाने पुढून हँडल धरले होते. स्प्रिंगा दबल्या, सांगाडा किंचित खाली आला आणि स्थिर झाला. वहिनीने खाली बसून नट समोरासमोर आवळत नेले. शेवटचा राहिला तेव्हा तिने पाना माझ्यापुढे धरला.

"हा तुम्ही."

"मी?"

"आमच्या बाबांची पद्धत होती. जोडकाम कसलंही असो, शेवटचा नट चालवणाऱ्यानं आवळायचा. उद्या रस्त्यात मनात शंका आली, तर हात सांगतो, मी आवळलाय म्हणून."

मी उतरून काठी बाजूला ठेवली आणि पोत्यावर बसले. पाना अपेक्षेपेक्षा जड होता. मी फिरवला. "आणखी," वहिनी म्हणाली. मी पुन्हा फिरवला. "बास. आता तो 'बास' म्हणतोय. कळलं हाताला?" मला खरोखरच कळले.

मी गल्लीत निघाले. गिरणीपाशी पोचताच मी वेग कमी केला. कालची जागा अजून पिठाने पांढरी होती. मी वळले. डावीकडे आवाज झाला नाही. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तिसऱ्या फेरीला गिरणीतल्या बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

परत आले तेव्हा नाना ओट्यावर उभे होते. मीटर अजून त्यांच्या हातात होता. त्यांनी डाव्या चाकाकडे पाहिले, उजव्याकडे पाहिले. मग म्हणाले, "उद्या डबा वैजूचा करा. मला दुकानच बरं."

परसात येऊन मी उतरले, तेव्हा माझ्या तळव्यावर लाल डाग दिसला. कोपराचे रक्त इथवर आले असे वाटून मी हात पाण्याखाली धरला. डाग तेलकट होता; पाण्याने पसरला, आणि त्याला कुंकवाचा वास आला.

"वहिनी, हे काय आहे?"

वहिनी हत्यारे पुसून कप्प्यांत ठेवत होती. पुसता पुसता ती स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाली, "आत्याबाई, ह्यांना तेल कुणी लावलं?"

आत डाळीला फोडणी बसली. "कशाला?"

"माळ्यावर पडून होते. गंजायला पाहिजे होते. कालच्यासारखे आहेत. आणि दांड्यांवर हळदकुंकू हाय, एकावर एक."

आई दारात आली. पळी हातातच होती. कुणाकडे पाहावे ते तिला समजत नसल्यासारखे ती तुळशीकडे पाहून बोलली.

"खंडेनवमीला दुकानातल्या कात्र्या, मीटर, सगळं पुजतात. घरातली विळी पुजतात. मग तीच तेवढी वर कशी ठेवायची? हत्यार कुणाचंही असो, सणाला त्याला उपाशी ठेवू नये."

"दर वर्षी?"

"तुम्ही सगळी दुकानात पूजेला गेलात की काढत होते. पुसून, तेल लावून, ठेवून देत होते."

मग मला सकाळचे आठवले. आईने स्टुलावर चढून शोधाशोध केलीच नव्हती. हात सरळ गेला होता.

"मला का नाही सांगितलं?" वहिनीचा आवाज बदलला होता.

"सांगितलं असतं तर खाली मागितली असतीस."

"मागितली असती तर?"

"दिली असती," आई म्हणाली. "लोकांच्या तोंडाला भिऊन मीच वर टाकली होती. मग खाली काढायची मला लाज वाटायची. तू मागशील म्हणून वाट बघत होते. तू मागितलीच नाहीस, कुंदा."

"तुम्ही म्हणाला होता, गरज पडणार नाही."

"म्हणाले होते." आईने पळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "सगळंच मी म्हणते ते खरं धरतेस का? 'करते' म्हण, असं हजारदा सांगितलं, ते कुठं ऐकलंस."

वहिनी हसली आणि त्याच वेळी तिने मनगटाने डोळे पुसले. गालावर ग्रीसचा पट्टा उमटला. डाळ करपल्याचा वास आला, तशी आई आत पळाली.

मळेवाडीच्या त्या ग्रंथालयातून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दरम्यान गाड्या बदलल्या, आधारचाकांचे संच बदलले. प्रत्येक संच वहिनीने जोडला, नाना होते तोवर माप नानांनी घेतले, आणि शेवटचा नट मी आवळला. गुंडाळी स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला असे. यमूमावशीचा मिक्सर अडला तेव्हा तो पिशवीत घालून तीच आमच्याकडे आली, आणि आईने तिला अगदी गोड आवाजात विचारले, "मेस्त्रीला बोलवू का?"

पण मला आठवते ती सोमवारची सकाळ. आईने स्कूटरला हळदकुंकू लावले, नारळ फोडला, मला ओवाळले. मग ताम्हन तसेच हातात धरून म्हणाली, "कुंदा, हात पुढे कर."

"मी कुठं निघालो, आत्याबाई?"

"उजवा हात कर म्हणते ना."

वहिनीने हात पुढे केला. आईने तिच्या कपाळाला नव्हे, तळव्याला कुंकू लावले. घट्टे पडलेल्या जागी, अंगठ्याने दाबून. "व्याही काय म्हणाले होते मांडवात, ते मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "हसणारी हसत होती, तरी ऐकलं होतं."

वहिनी तळव्याकडे पाहत राहिली. मग तिने मूठ मिटली, माझी काठी पुढे पाय ठेवायच्या जागेवर नीट आडवी बसवली आणि मागे जाऊन दोन्ही चाकांवर एकेकदा हात फिरवला.

मी गाडी चालू केली. गल्ली लांबच लांब वाटत होती. ओट्यावर नाना, दारात आई, गिरणीपुढे बायका. मी वळून पाहू लागले, तशी मागून वहिनी म्हणाली, "समोर बघा, वन्सं. मागची चाकं मी बघतो."